कूलर सुरू केला की तापमान वाढतं : एलएम३५ आणि रेफरन्स व्होल्टेजचा घोळ

खसवाला
लोकहो, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

नागपुरात मानकापूरला राहतो. घरी खिडकीतला मोठा लोखंडी कूलर आहे, तीन बाजूंना खसाच्या ताट्या. रात्री दोन-अडीचला आईला थंडी वाजते, उठून बंद करावा लागतो. पहाटे पुन्हा उकडतं. म्हणून आरड्युइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर आणि चार रिलेंचा (विजेवर चालणाऱ्या स्विचांचा) बोर्ड घेऊन कंट्रोलर बनवला. एक रिले पंपाला, तीन पंख्याच्या तीन स्पीडना, वर सोळा बाय दोनचा डिस्प्ले. ३२ च्या वर गेलं की सुरू, खाली आलं की बंद. उनोला वीज जुन्या मोबाइल चार्जरवरून, तीन मीटरच्या यूएसबी वायरने, कारण बोर्ड पलंगामागे आहे.

आता गंमत बघा. डिस्प्लेवर ३१.७, ३१.७, मग ३२ होतं, रिले टक् करतो, पंप-पंखा सुरू होतो आणि त्याच क्षणी आकडा उडी मारून ३४ च्या वर! कूलर सुरू झाल्यावर खोली अडीच अंशांनी तापते असा हा जगातला पहिलाच कूलर असावा. सेन्सर बदलून झाला, दुसराही तेच करतो. कोड नेटवरचाच साधा आहे: रीडिंग गुणिले ५, भागिले १०२४, गुणिले १००.

कुठे चुकतंय?

तर्रीपोहे
कूलरमधे पाणी टाकलं का बे? का नुसताच फिरून राहिला?

रोहिणी_हिंगणा
पंप-पंखा बंद असताना आणि सुरू असताना उनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांमधलं व्होल्टेज मोजून टाका. उत्तर बहुतेक तिथेच आहे.

पुणेरी_सर्किट
एलएम३५ कोण वापरतं हो अजून? डीएस१८बी२० लावा आणि झोपा. डिजिटल आकडा येतो, रेफरन्स-बिफरन्सची भानगडच नाही.

खसवाला
@रोहिणी_हिंगणा, मोजलं. सगळं बंद असताना ४.९८. दोन रिले लागले की ४.६६. पण यात सेन्सरचा काय संबंध? एलएम३५ ला ४ व्होल्टच्या वर काहीही चालतं असं डेटाशीटमध्ये आहे.

रोहिणी_हिंगणा
सेन्सरचा काहीच दोष नाही. तो इमानदारीने अंशाला १० मिलिव्होल्ट देतोय. ३२ अंशांना ३२० मिलिव्होल्ट, सप्लाय ४.९८ असो की ४.६६.

घोळ पुढे आहे. उनोतला एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर व्होल्ट मोजत नाही, तो फक्त तुलना करतो. "आलेलं व्होल्टेज माझ्या रेफरन्सच्या १०२४ भागांपैकी किती भाग?" एवढंच सांगतो. आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर रेफरन्स म्हणून स्वतःचा सप्लायच धरतो. तुमच्या कोडला मात्र वाटतं की तो कायम ५.०० आहे.

भाजीबाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणा. किलोचं माप घासून ९३२ ग्रॅमचं झालंय. कांदे तेवढेच आहेत, पण या मापाने तोलले की जास्त भरतात. ४.६६ भागिले ५ म्हणजे बरोबर ०.९३२.

तुमच्याच आकड्यांत:
बंद असताना ३२० ÷ ४९८० × १०२४ = ६५, कोड म्हणतो ३१.७.
सुरू असताना ३२० ÷ ४६६० × १०२४ = ७०, कोड म्हणतो ३४.२.

तुम्ही सांगितलेले आकडे हेच ना?

खसवाला
अक्षरशः हेच! ३१.७ आणि ३४.२. मी गार.

तर्रीपोहे
तू गार झाला म्हणजे कूलर चालू हाय.

८०५१वाले काका
रोहिणीताईंनी नेमकं सांगितलं. थोडी भर घालतो. पॉलिटेक्निकला अठ्ठावीस वर्षं मायक्रोकंट्रोलरची लॅब घेतली, हा प्रश्न दरवर्षी यायचा.

पूर्वी ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या पोटात एडीसीच (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) नसे. बाहेरून एडीसी०८०४ जोडायचो, आठ बिटांचा, २५६ पायऱ्या. त्याला नऊ नंबरची पिन, व्हीरेफ बाय टू. पोरं ती पिन मोकळी सोडत. मग तो सप्लायच रेफरन्स धरे आणि एक पायरी साडेएकोणीस मिलिव्होल्टची होई. एलएम३५ चा अंश १० मिलिव्होल्टचा. म्हणजे तापमान दोन-दोन अंशांच्या उड्या मारत चालायचं. तिथे बरोबर १.२८ व्होल्ट दिले की पूर्ण पल्ला २.५६ चा होतो, एक पायरी १० मिलिव्होल्ट, एक पायरी एक अंश. भागाकार नाही, गुणाकार नाही, पोर्टवर आलेला आकडा हेच तापमान. ते १.२८ आम्ही एलएम३३६ हा रेफरन्सचा आयसी आणि १० के च्या प्रीसेटवरून काढायचो. प्रीसेटला स्क्रू ड्रायव्हर लावून पोरं मीटरकडे बघत बसत, १.२७, १.२९, १.२७... तेवढ्यात तास संपायचा.

तेव्हा खसवाला, आधी ठरव की पल्ला किती हवाय. तुझी खोली १०० अंशांवर जाणार नाही. मग ५ व्होल्टचा गज कशाला?

डिप्लोमा_थर्ड_इयर
सर, व्हायवाला मला हेच विचारलं होतं, २.५६ च का म्हणून. मी म्हणालो "पुस्तकात आहे". एक्सटर्नल हसले आणि सही करून दिली.

८०५१वाले काका
हसले म्हणजे त्यांनाही पुस्तकातच भेटलं असेल. २५६ पायऱ्यांना २.५६ सोयीचं, एवढंच. म्हणूनच बाजारात २.०४८ आणि ४.०९६ असे विचित्र वाटणारे रेफरन्स मिळतात. १०२४ पायऱ्यांवर ४.०९६ लावलं की पायरी नेमकी ४ मिलिव्होल्टची.

तर्रीपोहे
म्या म्हणतो, ७८०५ लावून टाक. पक्के पाच येते. झंझट खतम.

रोहिणी_हिंगणा
७८०५ ची डेटाशीट उघडा. ४.८ ते ५.२ मधलं काहीही द्यायची मुभा त्याला आहे. शिवाय त्याला इनपुटला सातेक व्होल्ट तरी लागतात. तो रेग्युलेटर आहे, बोर्ड चालवायचं त्याचं काम. रेफरन्स वेगळी गोष्ट: करंट फारसा द्यायचा नाही, फक्त हलायचं नाही.

तर्रीपोहे
म्हणजे पाचचं ऑफिस पावणेपाचले बंद झालं तरी नियमातच म्हणा. समजलं ताई.

सोल्डर_आणि_सावजी
कशाला विकत आणता हो? जुन्या चार्जरच्या बोर्डवर टीएल४३१ बसलेला असतो, तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा दिसतो. माझ्या दुकानात मेलेल्या चार्जरची गोणी पडलीये. रेफ आणि कॅथोड पाय एकत्र जोडा, ५ व्होल्टमधून १ के चा रेझिस्टर, झाला २.४९५ चा रेफरन्स. उनोच्या एरेफ पिनला (बाहेरचा रेफरन्स घ्यायची पिन) द्या. मी बॅटरी टेस्टरमध्ये चार वर्षं हेच वापरून राहिलो. बर्डीच्या बाजारात नवा घेतला तरी चहाच्या पैशात येतो.

रोहिणी_हिंगणा
टीएल४३१ ला माझी ना नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. त्यातून निदान १ मिलिॲम्पिअर वाहिला पाहिजे, नाहीतर तो रेग्युलेट करतच नाही. इथे ४.६६ वरही १ के मधून दोन मिलिॲम्पिअरच्या वर मिळतात, ठीक आहे. दुसरं, त्याच्या आउटपुटवर कॅपॅसिटर बघून लावा. अगदी लहान चालतो, चांगला मोठा चालतो, मधल्या एका पट्ट्यात तो ऑसिलेट होतो, म्हणजे आउटपुट सतत वरखाली हलत राहतं. उनोच्या बोर्डावर एरेफला आधीच १०० नॅनोफॅरड आहे, म्हणून ऑसिलोस्कोपवर एकदा बघितलेलं बरं. स्कोप नसेल तर समांतर १० मायक्रो लावून टाका.

आणि चार्जरमधून काढलेल्या तुकड्याचा ग्रेड कळत नाही. साधा २ टक्क्यांचा असतो, चांगला अर्ध्या टक्क्याचा.

सोल्डर_आणि_सावजी
ऑसिलेटचं माहीत नव्हतं. म्हणजे माझा टेस्टर कधी कधी गुणगुणल्यासारखं आकडे दाखवतो ते हेच असंल का? उद्या १० मायक्रो टाकून पाहतो.

काटोलकर
धागा वाचून राहिलो, पण मला हे पटत नाही. माझी संत्र्याची बाग आहे. बागेत आरड्युइनो प्रो मिनी लावलाय, ८ मेगाहर्ट्‌झचा, थेट १८६५० लिथियम सेलवर. सेल ४.१ वरून ३.४ पर्यंत उतरतो. जमिनीत थर्मिस्टर (तापमानाबरोबर बदलणारा रेझिस्टर) पुरलाय, १० के चा, वर १० के चाच रेझिस्टर. रेफरन्स काहीच लावला नाही. तरी जमिनीचं तापमान सेल भरलेला असो की उतरलेला, अर्ध्या अंशाच्या आतच. मग रोहिणीताईंचा किलोचा हिशोब माझ्या शेतात का चालत नाही?

पुणेरी_सर्किट
नागपुरी तराजू शेतात चालत नसावेत.

रोहिणी_हिंगणा
@काटोलकर, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. तुमचा थर्मिस्टर स्वतः काही व्होल्ट बनवत नाही, तो सप्लायचा वाटा पाडतो. सेल १० टक्के उतरला की वाटाही १० टक्के उतरतो आणि रेफरन्सही तोच सेल. खोटं माप दोन्ही पारड्यांत पडलं की काटा मधोमध. थर्मिस्टर, एलडीआर, पोटेन्शिओमीटर, जे जे सप्लायवरून डिव्हायडर करून वाचतो तिथे सप्लायच रेफरन्स ठेवायचा. तिथे महागडा रेफरन्स लावला तर उलट चूक *शिरते*.

एलएम३५ ची गोष्ट वेगळी. तो मिलिव्होल्टमध्ये ठाम बोलतो, त्याला मोजायला ठाम मापच लागतं. बॅटरीचं व्होल्टेज मोजतानाही तेच.

काटोलकर
अस्सं! मग एक विचारतो. त्याच बोर्डावर ओलाव्याचा कॅपॅसिटिव्ह सेन्सरही आहे, काळा, पट्टीसारखा. तो कोणत्या जातीचा?

रोहिणी_हिंगणा
त्यावर पाच टोकांचा किंवा तीन टोकांचा बारीक रेग्युलेटर दिसतोय का? बहुतेकांवर ३.३ व्होल्टचा असतो. असेल तर तो एलएम३५ च्या जातीचा. आउटपुट सेलबरोबर हलत नाही, पण तुमचं माप हलतं.

काटोलकर
आहे. तीन पायांचा. आता हिशोब मांडतो. माती कोरडी झाली की हा सेन्सर जास्त व्होल्ट देतो. सेल उतरला, माप लहान झालं, आकडा मोठा दिसला. म्हणजे माती ओली असूनही कोरडी दिसणार.

अरे देवा. मृग बहारासाठी झाडांना ताण देऊन राहिलो. पाणी तोडलंय. फक्त अगदीच सुकलं तर पाच मिनिटं ठिबक सुटेल असं ठेवलं होतं. मागच्या आठवड्यात तीनदा सुटलं. मला वाटलं ऊनच तसं आहे.

८०५१वाले काका
ठिबकचा व्हॉल्व्ह आजच हाताने बंद करा. सर्किट नंतर बघू.

काटोलकर
बंद करूनच लिहून राहिलो काका.

तर्रीपोहे
ऊन तर हायच. ३० मे २०२४ ले आपल्या नागपुरात एका ऑटोमॅटिक केंद्रावर ५६ अंश दिसले होते, आठवते का? सारा देश आपल्याले फोन करून राहिला होता, जिवंत हाय का म्हणून. त्याचं पण एरेफ लटकलेलं असंल!

रोहिणी_हिंगणा
ते तसं म्हणू नका. हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड एवढंच सांगितलं. पण ५६ वर कोणी विश्वास का ठेवला नाही? कारण सोनेगावला हवामान खात्याचा काचेचा थर्मामीटर वेगळा आकडा सांगत होता. दुसरं माप हाताशी होतं म्हणून.

तर्रीपोहे
अन् मज्जा पहा, झिरो माईलच्या गावात बसून आपण विचारून राहिलो का रेफरन्स कुठून घ्यावा!

८०५१वाले काका
हसण्यावारी नेऊ नकोस. तिथे शेजारी जीटीएसचा (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा) बेंचमार्क आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेला. सर्व्हेवाले आधी बेंचमार्क विचारतात, मग दुर्बीण उघडतात. आमची पोरं आधी कोड लिहितात.

खसवाला
काका, मान्य. 🙏 आता माझ्या कूलरचं सांगा. बर्डीला जायला शनिवारशिवाय वेळ नाही आणि दुपारी बाहेर पडवत नाही. घरात आहे त्यात काही होईल का? डब्यात ३.३ चे झेनर पडलेत.

रोहिणी_हिंगणा
झेनर नको. कमी व्होल्टेजच्या झेनरचा गुडघा फार मऊ असतो. करंट जरा हलला की व्होल्टेज हलतं. ५.६ च्या आसपासचे तापमानाला सगळ्यात स्थिर, पण तुमच्याकडे सप्लायच पाचचा.

तुम्हाला काहीच विकत घ्यायचं नाहीये. चिपच्या पोटात १.१ व्होल्टचा बँडगॅप रेफरन्स आहे. सेटअपमध्ये ॲनालॉग रेफरन्स "इंटरनल" करा, एक ओळ. सप्लाय ४.६६ झाला काय आणि ४.५ झाला काय, तो हलत नाही. वरून फायदा: पायरी ५ मिलिव्होल्टऐवजी १.०७ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या अंशाऐवजी एक दशांश अंश. ११० अंशांपर्यंत वाचेल, तुमच्या घरी पुरावं.

एक खोच आहे. नाव १.१ असलं तरी डेटाशीट १.० ते १.२ म्हणते. प्रत्येक चिपचा वेगळा, पण एका चिपचा आयुष्यभर जवळपास तोच. म्हणून एकदा एरेफ पिनवर मीटर लावून खरा आकडा मोजा आणि कोडमध्ये तो घाला. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही रीडिंग फेकून द्या.

पुणेरी_सर्किट
याच बँडगॅपची उलटी युक्तीही आहे. रेफरन्स सप्लायच ठेवायचा आणि आतला १.१ वाचायचा. ५ व्होल्टला २२५ येतो, ४.६६ ला २४२ च्या आसपास. त्यावरून सप्लाय किती ते काढायचं आणि प्रत्येक रीडिंग सुधारायचं. काटोलकरांच्या सेलला हेच योग्य, एक तारही जोडायची नाही. सेल किती उतरला तेही फुकटात कळेल.

आणि हो, मी अजूनही डीएस१८बी२० वरच ठाम आहे.

काटोलकर
@पुणेरी_सर्किट, आता कामाचं बोललात. करतो.

सोल्डर_आणि_सावजी
डीएस१८बी२० चे डुप्लिकेट किती येतात बाजारात ते पुण्यात नसंल माहीत. माझ्याकडे पाच आहेत, पाचही वेगळं तापमान सांगतात. चांगला असला तर अर्ध्या अंशात असतो, पण चांगला ओळखायचा कसा?

पुणेरी_सर्किट
पुण्यात सगळंच माहीत असतं. फक्त सांगायची वेळ ठरलेली असते.

डिप्लोमा_थर्ड_इयर
उनोची ३.३ ची पिन एरेफला जोडली तर? यूट्यूबवर तसंच दाखवतात. तो रेग्युलेटर वेगळा असतो ना, म्हणजे ५ हलला तरी ३.३ नाही हलत.

रोहिणी_हिंगणा
चालतं, चांगली युक्ती आहे. आरड्युइनो नॅनोवर मात्र ३.३ यूएसबीच्या चिपमधूनच येतो, तिथे फार भरवसा नको. आणि क्रम महत्त्वाचा: आधी कोडमध्ये "एक्सटर्नल" करून अपलोड करा, *मग* तार लावा. नाहीतर पहिल्याच रीडिंगला आतला रेफरन्स आणि बाहेरचा एकमेकांवर शॉर्ट होतात.

डिप्लोमा_थर्ड_इयर
हे आधी कळलं असतं तर गेल्या सेमला एक बोर्ड वाचला असता. 😐

८०५१वाले काका
मधे ५ के चा रेझिस्टर टाकला की चूक झाली तरी बोर्ड जगतो. पण एरेफच्या आत सप्लायकडून नव्हे, ग्राउंडकडे ३२ के आहे, त्यामुळे डिव्हायडर होऊन ३.३ चे २.८५ राहतात. ते गृहीत धरायचं. पोरं विसरतात आणि मग सेन्सरला शिव्या देतात.

खसवाला
मंडळी, केलं. इंटरनल केलं, काल रात्री उशिरा वायरी वगैरे लावल्या, आज सकाळी एरेफ मोजला. १.२१ आला. तो घातला कोडमध्ये. आता रिले लागो न लागो आकडा हलत नाही, पण खोलीत ३५.५ दाखवतोय आणि भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर ३२ म्हणतंय. एक गेलं, दुसरं आलं.

रोहिणी_हिंगणा
१.२१ डेटाशीटच्या बाहेर आहे. चिप अगदीच नकली नसेल तर असं होऊ नये. मीटर कोणता?

खसवाला
तो पिवळा, सगळ्यांकडे असतो तो. परवा ४.९८ आणि ४.६६ यानेच मोजले होते. ते तर हिशोबात बसले.

सोल्डर_आणि_सावजी
रात्री मीटर बंद केला होता का?

खसवाला
...नाही. सकाळी पलंगाखाली चालूच सापडला.

सोल्डर_आणि_सावजी
हा हा हा. नऊ व्होल्टची बॅटरी बदला. पिवळ्या मीटरची बॅटरी उतरली की तो कमी नाही दाखवत, *जास्त* दाखवतो. गिऱ्हाईक येते, म्हणते इन्व्हर्टरची बॅटरी १५ व्होल्ट दाखवून राहिली. मी आधी त्याचा मीटर उघडतो.

८०५१वाले काका
मीटरच्या पोटातही एडीसीच आहे बाळा, आणि त्यालाही रेफरन्सच लागतो. तो ढळला की सगळं जग फुगलेलं दिसतं.

तर्रीपोहे
म्हणजे माप तपासाले जे माप आणलं तेच घासलेलं! आता त्या बॅटरीले मोजाले कोणता मीटर आणतं?

खसवाला
नवी बॅटरी टाकली. एरेफ १.०८४. कोडमध्ये घातला, आकडा ३१.८. भिंतीवरचं ३२. आता पडताळून बघायला काय करू? बर्फात बुडवू का?

८०५१वाले काका
बर्फ नको. एकेरी सप्लायवर एलएम३५ दोन अंशांच्या खाली बोलतच नाही, शून्य तपासायला गेलास तर फसशील. कोमट पाणी घे, त्यात तापाचं डिजिटल थर्मामीटर आणि पिशवीत गुंडाळलेला सेन्सर शेजारी-शेजारी धर. थर्मामीटर ३७-३८ च्या आसपास दशांशापर्यंत बरोबर असतं. पाणी हलवत राहा.

पुणेरी_सर्किट
आणि एवढं करूनही कोणी एलएम४०४० आणा, आरईएफ५०२५ आणा असे रेफरन्सचे आयसी सुचवले तर ऐकू नका. कूलरला कशाला?

रोहिणी_हिंगणा
इथे माझं पुण्याशी एकमत. हिशोबच बघा. चांगल्या ग्रेडचा एलएम४०४० तापमानाला फार तर १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) प्रति अंश हलतो. नागपूरचा हिवाळा १५ आणि उन्हाळ्यात डब्याच्या आत ५५, म्हणजे ४० अंशांचा फरक, ०.४ टक्के. चाळीस अंशांच्या रीडिंगमध्ये तो ०.१६ अंश. एलएम३५ स्वतःच अर्धा-पाऊण अंश इकडेतिकडे असू शकतो. रेफरन्स सेन्सरपेक्षा थोडा चांगला हवा, दहापट चांगला घेऊन पैसे वाया जातात. कारखान्यात लोडसेल (वजनाचा सेन्सर) असेल, सोळा बिट असतील, तिथे मी तीन पीपीएमवाला मागते, आणि तिथेही लोडसेल रेशिओमेट्रिक, म्हणजे काटोलकरांच्या थर्मिस्टरसारखा सप्लायचा वाटा देणारा असल्याने पुष्कळदा लागत नाही.

तुमच्याकडे खरा बिघाड त्या तीन मीटरच्या बारीक वायरीत आहे. रिलेंचा करंट त्यातूनच जातो म्हणून पाव व्होल्टच्या वर खाल्ला जातो. रिले बोर्डाला चार्जरवरून वेगळी जाड वायर द्या. एलएम३५ ची वायर किती लांब?

खसवाला
दोन मीटर. पंपाच्या वायरीबरोबर बांधलीये.

रोहिणी_हिंगणा
सोडवा आधी. एलएम३५ ला लांब वायरीचा कॅपॅसिटन्स झेपत नाही. त्याच्या आउटपुटपासून ग्राउंडला ७५ ओहम आणि १ मायक्रो सिरीजमध्ये लावा, सेन्सरपाशीच.

काळी_माती
मधेच विचारते, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला काय करायचं? माझ्याकडे दोन बोर्ड, एकच सेन्सर, दोन वेगळी उत्तरं.

पुणेरी_सर्किट
त्याचा आतला रेफरन्स नावाला ११०० मिलिव्होल्ट, पण चिपागणिक १००० ते १२००. बाहेरून रेफरन्स द्यायची सोयच नाही. कारखान्यात मोजलेला आकडा चिपमध्ये जाळलेला असतो, म्हणून कच्चं रीडिंग घेऊ नका, थेट मिलिव्होल्ट देणारं फंक्शन वापरा. टोकांना तो तसाही वाकडा वाचतो. जास्त नेमकं हवं तर एडीएस१११५ हा बाहेरचा एडीसी लावा, रेफरन्स पोटात घेऊन येतो.

काळी_माती
धन्यवाद. दोन्ही बोर्ड आता एकमेकांशी बोलायला लागले.

काटोलकर
आमच्याकडचं सांगतो. उलटी युक्ती टाकली. सेल ३.५ वर असताना ओलाव्याचा आकडा आणि नवा भरलेला सेल टाकल्यावरचा आकडा आता जुळून राहिला. ताण किती बिघडला ते मृगात फुलं आल्यावरच कळंल. पूर्वेकडच्या दोन ओळीत ठिबकचं पाणी जास्त गेलं, तिथल्या पानांना अजून टवटवी आहे, जी असायला नको.

८०५१वाले काका
दोनच ओळी ना? निभेल.

सोल्डर_आणि_सावजी
माझ्या टेस्टरचं पण सांगून ठेवतो. १० मायक्रो टाकला, गुणगुण बंद. चार वर्षं मी बॅटरीले दोष देऊन राहिलो होतो.

खसवाला
शनिवारचा अहवाल. रिलेंना वेगळी जाड वायर दिली, सेन्सरची वायर सोडवली, ७५ ओहम आणि १ मायक्रो लावला, कोमट पाण्यात तपासलं: थर्मामीटर ३७.६, माझा ३७.४. एवढं बरोबर माझं घरात काहीच नाही.

पण रात्री नवाच तमाशा. ३२.० ला सुरू, मिनिटभरात ३१.९ ला बंद, पुन्हा ३२.० ला सुरू. टक्... टक्... टक्... आई उठून बसली, म्हणाली पाल चुकचुकतेय का बघ. आधी असं कधीच होत नव्हतं!

तर्रीपोहे
पयले काहून नव्हतं होत? सुरू झाला की आकडा ३४ वर जाये, मग ३२ च्या खाली याले येळ लागे. बिघाडानंच तुले सांभाळलं होतं लेका!

रोहिणी_हिंगणा
तर्रीपोह्यांना पूर्ण मार्क. तुम्हाला हिस्टरेसिस, म्हणजे सुरू आणि बंद यांतलं अंतर, फुकट मिळत होती. हिशोब केला तर जुना कूलर खऱ्या ३२ ला सुरू होऊन खऱ्या ३० च्या आसपास बंद होत होता. आता कोडमध्ये स्वतः लिहा: सुरू ३२ ला, बंद ३० ला.

खसवाला
लिहिलं. शांत झाला.

आईला सगळं समजावलं, रेफरन्स, माप, बँडगॅप, मीटरची बॅटरी. तिने विचारलं, "आता किती वाजता बंद होतो?" म्हटलं, पूर्वी व्हायचा तेव्हाच.

"मग बिघडलं काय होतं?"